श्वार्ट्झ पाद्रींचा राजशिष्य

चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात सेंट मेरीचे जुने मंदिर आहे. २८ ऑक्टोबर १६८० रोजी त्याचे समर्पण झाले. जाड भिंती, वर दगडविटांचे कमानदार भक्कम छत, आणि आत भिंतींवर ओळीने लावलेली संगमरवरी स्मारके. त्यांतील बहुतेक कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांची व सेनापतींची आहेत. ह्या तलवारवाल्यांच्या सोबतीस एका पाद्रींचेही स्मारक आहे. मृत्युशय्येवर पडलेला एक वृद्ध, भोवती त्याच्या आश्रयास असलेली मुले, शेजारी त्याचा सहकारी, आणि वर क्रूस दाखविणारा देवदूत, असे ते शिल्प. शिल्पकार जॉन बेकन. खर्च ईस्ट इंडिया कंपनीचा. हे वृद्ध गृहस्थ म्हणजे रेव्ह. ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ.

ह्याच मृत्युशय्येचे दुसरे एक शिल्प तंजावरच्या किल्ल्यातील चर्चमध्ये आहे. ते जॉन फ्लॅक्समन ह्या विख्यात इंग्रज शिल्पकाराने घडविले आहे. त्यात अंथरुणाजवळ एक तरुण मराठा राजा उभा असून त्याने मरणासन्न पाद्रींचा हात हाती घेतलेला आहे. हे स्मारक कोणत्याही मिशनने अथवा कंपनीने उभारलेले नाही. त्या राजानेच आपल्या खर्चाने ते विलायतेहून घडवून आणले. भोसले कुळातील, शिवभक्त, काशीयात्रा केलेला हा राजा म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजी महाराज. मराठी पोथ्यांचे तीन हजारांच्या घरातील धन ज्या सरस्वती महाल ग्रंथालयात आज सुरक्षित आहे, ते ग्रंथालय ह्यांनीच वैभवास नेले. महाराष्ट्रात त्यांचे नाव ग्रंथप्रेमी लोक आदराने घेतात, परंतु त्यांना वाढविणाऱ्या पाद्रींचा उल्लेख ओझरता होतो. आपल्या ख्रिस्ती मंडळीत श्वार्ट्झ ठाऊक असतात, पण सरफोजी नसतात. दोघांना वेगळे काढले तर दोघांचेही चरित्र अपुरे राहते.

तंजावरला मराठे कसे आले, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी ह्यांनी १६७५च्या सुमारास तेथील नायकांची गादी हस्तगत केली. कावेरीच्या सुपीक खोऱ्यात, तमिळ प्रजेत व तेलुगू विद्वानांच्या सहवासात मराठीचे एक बेटच निर्माण झाले. व्यंकोजींचे पुत्र शहाजी ह्यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठीत नाटके लिहिली. मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिणारे आज ह्या नाटकांपासून आरंभ करतात. रामदासी मठ उभे राहिले, कीर्तने होऊ लागली, दफ्तर मोडीत चालले. परंतु अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्याला उतरती कळा लागली. १७७३ साली अर्काटच्या नबाबाने कंपनीच्या सैन्याच्या मदतीने तंजावर घेतले. १७७६ साली कंपनीने ते तुळजाजी राजांना परत दिले. त्यानंतर चार-पाच वर्षांतच हैदर अलीच्या स्वारीने सारा मुलूख उद्ध्वस्त केला.

अशा काळात श्वार्ट्झ तेथे होते. त्यांचा जन्म १७२६ साली प्रशियात झाला. १७५० साली ते डॅनिश लोकांच्या ताब्यातील तरंगमबाडी बंदरात उतरले आणि पुन्हा कधी मायदेशी गेले नाहीत. आयुष्यभर अविवाहित राहिले. तमिळ त्यांची जणू मातृभाषा झाली. पोर्तुगीज, फारसी व हिंदुस्थानी त्यांना येत होती, आणि तंजावरच्या दरबाराशी बोलता यावे म्हणून ते मराठीही शिकले. तुळजाजी राजांशी त्यांची पहिली भेट १७६९ साली झाली, व १७७८पासून ते तंजावरलाच राहिले. १७७९ साली मद्रास सरकारने हैदर अलीकडे वकील म्हणून पाठविले ते ह्यांनाच, कारण हैदरचा दुसऱ्या कोणावर भरवसा नव्हता. जुलमी वसुलीला कंटाळून रयत गावे सोडून गेली असताना राजाच्या व सरकारच्या वचनांवर कोणी परतले नाही. श्वार्ट्झ ह्यांनी शब्द दिला तेव्हा शेतकरी परत आले व नांगर चालू झाले. सुवार्तेच्या सेवकाने राजकारणात किती पडावे हा प्रश्न त्यांच्या काळीही विचारला गेला आणि आजही विचारता येईल. परंतु त्यांच्या वाट्याला हे काम आले ते त्यांच्या सचोटीमुळे.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७चा, भोसल्यांच्याच एका शाखेतला. तुळजाजींची मुले त्यांच्या डोळ्यांदेखत वारली होती. स्वतःचे मरण जवळ आलेले पाहून त्यांनी जानेवारी १७८७मध्ये ह्या नऊ वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले, आणि श्वार्ट्झ ह्यांना बोलावून त्याला त्यांच्या हवाली केले. त्यांनी पालक व्हावे, राज्याचा कारभारही पाहावा, अशी राजांची इच्छा होती.

श्वार्ट्झ ह्यांनी ती जबाबदारी पत्करली नाही. राज्याचा कारभार हे आपले काम नव्हे, आणि दरबारातील तटांत सापडलेल्या मुलाच्या जिवाची हमी आपण देऊ शकत नाही, असे त्यांनी निवेदन केले. तुळजाजींचे बंधू अमरसिंह ह्यांना कारभारी नेमावे, म्हणजे मूल सुरक्षित राहील, हा सल्लाही त्यांचाच. हा सल्ला सद्हेतूने दिलेला होता, परंतु त्याचे फळ कडू निघाले. तुळजाजींच्या मृत्यूनंतर अमरसिंहांनी दत्तविधानच अशास्त्र असल्याचे म्हटले. कंपनीने पंडितांचे मत घेतले. मुलगा आपल्या जन्मदात्याचा एकुलता एक होता, त्याचे वय अधिक होते, आणि राजांचे चित्त त्या वेळी ठिकाणावर नव्हते, अशा कारणांवरून पंडितांनी दत्तक अवैध ठरविला. अमरसिंह राजे झाले. ह्या पंडितांच्या मताविषयी पुढे पुष्कळ शंका निघाल्या, परंतु तोवर मुलाची वर्षे वाया गेली होती. त्याला जवळजवळ कोंडून ठेवले होते. शिक्षण नाही, मोकळी हवा नाही, बरोबरीच्या मुलांची संगत नाही.

चरित्रकार येथे घाईने पुढे जातात. मला मात्र श्वार्ट्झ ह्यांच्या आयुष्यातील हाच भाग सर्वांत अवघड वाटतो. त्यांच्या स्वतःच्या सल्ल्यामुळे एक मूल अंधारात पडले होते. त्यांनी तो सल्ला कसा योग्य होता हे सिद्ध करण्यात वेळ घालविला नाही. मद्रासच्या गव्हर्नराकडे अर्जामागून अर्ज केले, मुलाची भेट घेण्याची परवानगी मिळविली, त्याला शिकविण्यास माणूस मिळावा म्हणून भांडले. अखेर जानेवारी १७९३मध्ये कंपनीने हस्तक्षेप केला, आणि सरफोजी व तुळजाजींच्या विधवा राण्या ह्यांना तंजावरहून काढून मद्रासला आणण्यात आले. राजपुत्र तेव्हा पंधरा वर्षांचा होता.

मद्रासला श्वार्ट्झ ह्यांनी त्याला रेव्ह. ख्रिस्तियान विल्हेल्म गेरिके ह्यांच्याकडे सोपविले. गेरिके वेपेरी मिशनचे प्रमुख होते. आज चेन्नईत वेपेरी हा गजबजलेला भाग आहे. आम्हां भाषांतरकारांना मात्र ते नाव उच्चारताच योहान फिलिप फाब्रिसियस आठवतात. तमिळ पवित्र शास्त्राच्या एकेका शब्दावर वर्षानुवर्षे घासाघीस करणारा हा विद्वान वेपेरीतच राहत होता. पाँडिचेरीच्या फ्रेंचांकडून इंग्रजांनी १७६१ साली जो छापखाना लुटून आणला, तो ह्या फाब्रिसियस ह्यांच्या हाती सोपविण्यात आला, आणि त्यावर तमिळ नवा करार व तमिळ-इंग्रजी कोश छापला गेला. १७९१ साली ते वारले. राजपुत्र मद्रासला आला तेव्हा त्या थोर पुरुषाला जाऊन दोनच वर्षे झाली होती. ज्या मिशनमध्ये शब्दकोश, खिळे, प्रुफे आणि पोथ्या हाच रोजचा व्यवहार, त्या मिशनच्या पाद्रींच्या हाताखाली हा मुलगा चार-पाच वर्षे शिकला. पुढे ग्रंथ व छापखाना ह्या दोन गोष्टींचे त्याला जे वेड लागले, त्याचा उगम येथे शोधणे अप्रस्तुत होणार नाही.

इंग्रजी, गणित, भूगोल, इतिहास असे त्याचे शिक्षण झाले. युरोपातील नव्या शास्त्रांची गोडी लागली. श्वार्ट्झ तंजावरहून पत्रे पाठवीत. इकडे दत्तकाच्या प्रश्नाचा पुनर्विचार सुरू होता. पुन्हा पंडितांची मते मागविण्यात आली व ह्या वेळी ती सरफोजींच्या बाजूने पडली. निर्णय झाला, परंतु तो अमलात आलेला पाहणे श्वार्ट्झ ह्यांच्या नशिबी नव्हते. शेवटच्या आजारात राजपुत्र त्यांना भेटला. न्यायाने राज्य कर, गरिबांना जप, ख्रिस्ती प्रजेला छळू देऊ नकोस, असा उपदेश त्यांनी केला. ख्रिस्ताकडे वळावे ही आपली इच्छाही त्यांनी लपविली नाही. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी त्यांनी देह ठेवला. राजपुत्राला अखेरचे दर्शन घ्यावयाचे होते, म्हणून दफन थांबविण्यात आले. तो आला, शवपेटीवर रडला, तिच्यावर जरीचे वस्त्र घातले, आणि थडग्यापर्यंत चालत गेला. ज्यांना मृताच्या घरी जाण्याचाही विटाळ, अशा समाजातील एका राजवंशीयाने भर लोकांत हे करावे ह्याचा तेव्हाच्या लोकांना केवढा अचंबा वाटला असेल! थडग्यावरील शिळेसाठी त्याने इंग्रजीत काही ओळी स्वतः रचल्या. त्या आजही तेथे आहेत. भाषा साधी, मुलाने बापाविषयी लिहावी तशी.

२९ जून १७९८ रोजी सरफोजी गादीवर बसले. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९च्या तहाने, राज्याचा सर्व मुलकी व लष्करी कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला व राजवाडा राहिला, वर्षाला एक लक्ष होनांचा तनखा आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा ठरला. ज्या कंपनीने त्यांना गादी मिळवून दिली तिने गादीखालचे राज्य काढून घेतले, असे म्हटले तर ते खोटे नाही. श्वार्ट्झ ह्यांनी आयुष्यभर ज्या सरकारची रदबदली केली त्याचे हे दुसरे रूप होते. आपल्या मिशन-चरित्रांत ह्याविषयी मौन असते, ते मला बरे वाटत नाही.

राज्य गेलेल्या राजांनी काय करावे? त्या काळच्या पुष्कळांनी शिकार, मेजवान्या व कर्ज ह्यांत आयुष्य घालविले. सरफोजी तेव्हा बावीस वर्षांचे होते आणि त्यांच्यापुढे बत्तीस वर्षे होती. त्यांनी ग्रंथ जमविले.

तंजावरच्या राजवाड्यात नायकांच्या काळापासून सरस्वती भांडार होते. मराठे राजांनी ते सांभाळले. सरफोजींनी त्याचे रूपच पालटले. लेखक व पंडित बसवून दुर्मिळ पोथ्यांच्या नकला करविल्या. १८२०-२२च्या काशीयात्रेत तीन हजारांच्या आसपास माणसांचा तांडा त्यांच्याबरोबर होता. वाटेत व काशीत त्यांनी पोथ्या मिळविल्या, आणि काशीच्या घाटांची चित्रे काढवून आणली. ह्या यात्रेवर मराठीत लावण्याही रचल्या गेल्या. दुसऱ्या अंगाने युरोपातून पुस्तके येत होती. पूर्वी तंजावरला रेसिडेंट असलेले विल्यम टोरिन विलायतेस परतल्यावर तेथून राजांसाठी पुस्तके, नकाशे व उपकरणे खरेदी करून पाठवीत. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन व इतर युरोपीय भाषांतील सुमारे साडेचार हजार ग्रंथ अशा रीतीने जमले. पुष्कळांवर राजांची इंग्रजी सही व तारीख आहे. लाव्हॉझिए ह्यांचे रसायनशास्त्र आहे, १७८४चा जॉन्सन ह्यांचा कोश आहे, आणि आमस्टरडॅम येथे १७९१ साली छापलेले सचित्र पवित्र शास्त्रही आहे.

आपल्या वाचकांना जुने ग्रंथालय म्हटले की पात्म बेट आठवत असेल. प्रेषित योहानाला जेथे दर्शन झाले, तेथे १०८८ साली ख्रिस्तोदूलस नावाच्या संन्याशाने मठ स्थापिला. त्या मठाच्या ग्रंथालयात मार्ककृत शुभवर्तमानाची सहाव्या शतकातील तेहतीस पाने आहेत, जांभळ्या चर्मपत्रावर रुपेरी अक्षरांत लिहिलेली. समुद्राने वेढलेल्या खडकावर ती पाने टिकली, कारण तेथील माणसांना दुसरे काही राखण्याजोगे वाटत नव्हते. तंजावरच्या ग्रंथालयाची गोष्ट फारशी निराळी नाही. हे बेट पाण्यातले नाही, तमिळ भाषेच्या सागरातले मराठी बेट आहे. पुण्या-साताऱ्याच्या धामधुमीत जे हरवले, त्यातले काही येथे राहिले. आज ग्रंथालयात सुमारे ४९,००० हस्तलिखिते सांगितली जातात. त्यांत संस्कृत बहुसंख्य आहेत, शिवाय तमिळ, मराठी व तेलुगू. मोडीतल्या दफ्तराचे शेकडो रुमाल आहेत ते वेगळेच. माझ्या पिढीतील पुष्कळांप्रमाणे मलाही मोडी सफाईने वाचता येत नाही. ज्या लिपीत आपल्या आज्या-पणज्यांनी हिशेब लिहिले ती आपण दोन पिढ्यांत विसरलो.

आता छापखान्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. माझा व्यवसाय पाहता वाचक क्षमा करतील.

१८०५ साली सरफोजींनी राजवाड्यात देवनागरी अक्षरांचा छापखाना काढला. त्याचे नाव नवविद्याकलानिधी वर्णयंत्रशाळा. नावातच त्यांची आकांक्षा दिसते. १८०६ साली तेथे इसापच्या गोष्टींचा मराठी अनुवाद छापला गेला. त्याचे नाव बालबोधमुक्तावली, अनुवादक सख्खण पंडित. हे मुलांसाठी होते. राजांच्या शाळांत शिकणाऱ्या मुलांच्या हाती मराठी पुस्तक द्यावयाचे होते. त्याच १८०५ साली, बंगालमधील श्रीरामपूर येथे, डॉ. विल्यम केरी ह्यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मत्तयकृत शुभवर्तमान मराठीत छापले, व १८११ साली संपूर्ण नवा करार. मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना सुरू व्हावयास १८१७ उजाडले. त्यापूर्वी दोनशे वर्षे, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ख्रिस्तपुराण गोव्यात रायतूरला छापले गेले होते खरे, परंतु रोमन लिपीत. आपल्या भाषेची आपल्या लिपीत छापलेली अगदी आरंभीची पुस्तके अशी महाराष्ट्राबाहेर निघाली, एक हुगळीकाठी आणि दुसरे कावेरीकाठी. एकीकडे चांभारकाम केलेला इंग्रज मिशनरी, दुसरीकडे जर्मन पाद्रींच्या हाताखाली वाढलेला मराठा राजा. दोघांचा परस्परांशी संबंध नव्हता. दोघांनाही मराठी गद्याचा साचा कोठे तयार मिळाला नव्हता. शास्त्रातील वाक्य मराठीत कसे बसवावे ह्या विचारात मी जेव्हा अडतो, तेव्हा कोल्हा व द्राक्षे मराठीत आणणाऱ्या त्या सख्खण पंडितांविषयी मला मोठी आपुलकी वाटते.

सरफोजींच्या शाळांत शिक्षण मोफत होते. १८०२ साली त्यांनी मुक्तांबा ह्यांच्या स्मरणार्थ ओरत्तनाडू येथे छत्र काढले. तेथे प्रवाशांना अन्न, मुलांना शिक्षण व निवास, आजाऱ्यांना औषध मिळे. गरीब ख्रिस्ती मुलांच्या पालनपोषणासाठीही त्यांनी नेमणूक करून दिली होती, आणि त्यांच्या पदरच्या ख्रिस्ती नोकरांना रविवारी उपासनेस जाण्याची मोकळीक असे. धन्वंतरी महालात वैद्य व डॉक्टर दोघेही काम करीत. औषधांचे प्रयोग होत व त्यांच्या नोंदी ठेविल्या जात. डोळ्यांच्या रुग्णांची टिपणे तर रंगीत चित्रांसह ठेवलेली आहेत. कोणता डोळा, दोष काय, उपाय काय केला, गुण किती आला, असे सारे. आपल्या काळातील नेत्रवैद्यांनी ती अभ्यासून त्यांवर लेख लिहिले आहेत.

त्यांच्या एका गुरुबंधूची ओळख येथेच करून द्यावी. श्वार्ट्झ ह्यांनी तंजावरला आणून शिकविलेला आणखी एक मुलगा होता, वेदनायकम. जन्म १७७४, मृत्यू १८६४. तमिळ ख्रिस्ती मंडळ्यांत त्यांची गीते आजही गायिली जातात. कुरवंजी हा दक्षिणेतील एक लोकप्रिय नृत्यनाट्यप्रकार आहे. त्यात भविष्य सांगणारी एक भटकी डोंगरी स्त्री येऊन नायिकेशी बोलते. वेदनायकम ह्यांनी ह्या साच्यात बेथलेहेम कुरवंजी लिहिली, तमिळमध्ये, ख्रिस्ताविषयी. सरफोजींच्या नावावर देवेंद्र कुरवंजी आहे, मराठीत. तीत ती भटकी स्त्री पृथ्वीवरील खंडे व देश ह्यांचे वर्णन करते. एकाच गुरूकडून दोघांनी भूगोल शिकला. एकाने तोच साचा घेऊन बेथलेहेमची वाट दाखविली, दुसऱ्याने पृथ्वीचा नकाशा. दोघांचा स्नेह टिकला. राजांनी ह्या ख्रिस्ती कवीला आश्रय दिला.

ह्यावरूनच तो प्रश्न येतो, जो विलायतेतील मिशनच्या हितचिंतकांनी तेव्हा विचारला आणि आपल्यातही कोणी विचारील. सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. १८०३ साली त्यांनी बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. तो प्रचंड शिलालेख पाहावयास आजही लोक येतात. त्यांनी देवळे दुरुस्त केली, काशीला गेले, नित्य शिवपूजा केली. १८२६ साली कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर तंजावरला आले. २६ मार्चला, ईस्टरच्या दिवशी, त्यांनी श्वार्ट्झ ह्यांच्या मंदिरात प्रवचन केले, व नंतर राजांची भेट घेतली. राजांचे शास्त्रांचे ज्ञान, इंग्रजी काव्याची आवड व श्वार्ट्झ ह्यांच्याविषयी बोलतानाचा त्यांचा स्वर ह्यांनी बिशप भारावून गेले. अशा मनुष्याचे अंतःकरण ख्रिस्ताकडे का वळले नाही, ह्याचे त्यांना दुःखही वाटले. आठवडाभरातच, ३ एप्रिलला, त्रिचनापल्ली येथे बिशप अकस्मात मरण पावले.

श्वार्ट्झ ह्यांनी संधी गमावली असे म्हणणारे तेव्हा होते. मुलगा हाती होता, त्याचे भवितव्य पाद्रींच्या शब्दावर अवलंबून होते, त्याला बाप्तिस्मा घ्यावयास लावणे कितीसे अवघड होते? मला वाटते, नेमक्या ह्याच कारणामुळे त्यांनी तसे केले नाही. ज्याचा जीव, शिक्षण आणि गादी आपल्या रदबदलीवर टांगलेली आहे, त्याच्याकडून विश्वासाची कबुली मागणे म्हणजे ती विकत घेणे होय. त्यांनी त्याला ख्रिस्त सांगितला, स्वच्छ शब्दांत सांगितला, शेवटच्या शय्येवरही सांगितला, आणि पुढचे त्याच्यावर सोडले. त्यांची प्रार्थना त्यांच्या इच्छेप्रमाणे पूर्ण झाली नाही. हे दुःख पुसून टाकण्यासाठी ग्रंथालयाचे नाव पुढे करणे मला प्रशस्त वाटत नाही. पोथ्या म्हणजे आत्मा नव्हे. परंतु ते ग्रंथालय पाहून, पाद्रींचे श्रम वाया गेले, असेही माझ्याने म्हणवत नाही.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी महाराज निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ साली पुरुष-वारस नसताना वारले, आणि कंपनीने तंजावर खालसा केले. राजवाडा व खासगी मालमत्ता जप्त झाली. राणी कामाक्षीबाईसाहेब न्यायालयात गेल्या. मद्रासला त्यांच्या बाजूने निकाल लागला, परंतु १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, ही राजसत्तेची कृती आहे, तिच्यात न्यायालयाला हात घालता येत नाही, असे ठरविले. पुढे सरकारने कृपा म्हणून पुष्कळसे परत केले. ह्या साऱ्या धुमाळीत पोथ्या फुटल्या नाहीत, पांगल्या नाहीत. आर्थर बर्नेल ह्या विद्वान न्यायाधीशांनी संस्कृत हस्तलिखितांची सूची तयार केली, ती १८८०मध्ये प्रसिद्ध झाली. १९१८ साली राजघराण्याच्या संमतीने ग्रंथालय सार्वजनिक झाले.

चेन्नईतील वाचकांना एक सुचवावेसे वाटते. तेथल्या शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयातही, जे १८६९ साली स्थापन झाले, मराठी पोथ्या आहेत. त्या पाहाव्यात, किल्ल्यातील सेंट मेरीच्या मंदिरातील स्मारक पाहावे, आणि मग सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या तंजावरला जावे. राजवाड्याच्या आवारात सरस्वती महालाचे संग्रहालय आहे. थोड्या अंतरावर शिवगंगा उद्यानाजवळ १७७९ साली बांधलेले श्वार्ट्झ ह्यांचे चर्च आहे. आत फ्लॅक्समनचे ते संगमरवरी शिल्प आहे. पाद्री निजलेले आहेत, गेरिके उशाशी उभे आहेत, पायथ्याशी शाळेतली मुले आहेत, आणि राजाने हात धरलेला आहे.